राखून ठेवलेलं मूळ

दादाचा फोन आला तेव्हा मी काचेपलीकडच्या कप्तानाला घसा आवळायला शिकवत होते. तळघरातला स्टुडिओ, भिंतींना स्पंज, दारावर लाल दिवा, आणि काचेच्या त्या बाजूला एकटाच उभा असलेला हा मोठा नट. त्याला रस्त्यात लोक अडवून सह्या मागतात, पण घशातलं एक व्यंजन त्याला काही केल्या काढता येत नव्हतं. “उलटी येणार असं वाटलं की घसा जिथे आवळतो ना, तिथून,” मी सांगत होते, “फक्त उलटी करायची नाही.” स्टुडिओत मला घसाबाई म्हणतात ते उगाच नाही. फोन मांडीवर थरथरला. रेकॉर्डिंगच्या वेळी फोन घ्यायचा नाही हा नियम मीच केलेला; पण माझा थोरला भाऊ कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, आणि घरात आजारी माणूस होतं. घेतला. “अगं, अप्पा बोलले!” दादा जवळजवळ ओरडलाच. अर्धांगाच्या झटक्यापासून आमच्या वडिलांच्या तोंडून एक अक्षर फुटलं नव्हतं. डॉक्टरांनीही आता फार आशा धरू नका असं सौम्य शब्दांत सुचवून ठेवलं होतं. “काय बोलले?” मी विचारलं. “मला काय कळणार, डोंबल! तुमचं ते बोलतायत. यानातलं.” काचेपलीकडून कप्तानाने भुवया उंचावून सगळं ठीक ना असं विचारलं. मी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच माहीत नव्हतं.

यानातलं म्हणजे हा नट ज्यात यानाचा कप्तान होता त्या मालिकेतलं. एक जग बेचिराख होतं आणि उरलीसुरली माणसं एका यानात बसून कायमची निघतात, अशी ती मालिका. त्यांची भाषा अप्पांनी केलेली. अप्पा विद्यापीठात अरबी आणि हिब्रू शिकवत. त्यांच्या वर्गात इतके कमी विद्यार्थी असायचे की पाऊस पडला तर वर्ग घरीच भरायचा आणि आईला सगळ्यांचा चहा करावा लागायचा. निवृत्त होऊन घरात येरझाऱ्या घालत होते तेव्हा मालिकेचा निर्माता आला. बूट न काढताच म्हणाला, “सर, शब्द हवेत. परग्रहावरचे. लवकर.” त्याला आम्ही त्या दिवसापासून घाईसाहेब म्हणतो. अप्पांनी त्याला आधी बूट काढायला लावले आणि मग सांगितलं की शब्द असे हवेतून ओढून काढता येत नाहीत. हवेतून काढलेला शब्द तोंडात राहत नाही, हवेतच जातो. हाडं जुनी घ्यावी लागतात, मांस नवं चढवायचं. अरबी-हिब्रूत शब्दाची हाडं म्हणजे त्याचं मूळ, बहुधा तीन व्यंजनं. स्वर बदलत राहतात, व्यंजनं राहतात. घर हिब्रूत बायित, अरबीत बैत. अप्पांनी त्यावर नवे स्वर चढवून यानातल्या माणसांसाठी बेयातू केलं. श्वास आणि जीव दोन्हीकडे एकाच हाडांचे, नेफेश आणि नफ्स. त्यातून निफोसा, म्हणजे यानातली मोजून मिळणारी हवा. मी म्हणजे अनू, मुलगी म्हणजे बिनोता. आणि यानातली माणसं ज्या पेट्यांमध्ये वर्षानुवर्षं झोपून प्रवास करतात त्यांना अप्पांनी नाव दिलं कुब्रो. प्रेक्षकांना ते फार आवडलं. कुब्रो नावाची गादीसुद्धा बाजारात आली. त्याच्या हाडांचा शब्द हिब्रूत केवेर आहे आणि अरबीत कब्र, हे कोणी विचारलं नाही, आणि अप्पांनी आपण होऊन सांगितलं नाही. घरी मात्र जेवताना आमची करमणूक चालायची. “तू आत्ता हजर म्हणालीस, खबर म्हणालीस, वारस म्हणालीस,” अप्पा मला म्हणायचे, “सगळी हाडं तिकडची. तुला वाटतं तू बोलतेस. खरं तर ती बोलतात.” त्यावर आई म्हणायची, “अहो, जेवताना हाडं नकोत. कळलं का?”

आईचं सगळं बोलणं ‘कळलं का?’नं संपायचं. दूध उतू जाऊ देऊ नकोस, कळलं का? झोप आता, कळलं का? आम्ही तिची नक्कल करायचो, ती रागवायची, आणि रागवून झालं की वर पुन्हा तेच म्हणायची. भाषा निम्मी होत आली होती तेव्हा ती आजारी पडली, आणि ते आजारपण लांबत गेलं. अप्पा रोज दुपारी दवाखान्यात जायचे, संध्याकाळी परत यायचे, घरी येऊन शब्द करायचे. निघताना तिला ‘येतो गं’ म्हणायचे. आपल्यात जातो म्हणत नाहीत, येतोच म्हणतात. आणि ती उशीवरून म्हणायची, या, कळलं का? त्याच दिवसांतली एक संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढे आहे. घाईसाहेबाला तातडीने ‘परत येणं’ यासाठी शब्द हवा होता. मी तोवर अप्पांच्या हाताखाली तयार झाले होते. मी म्हटलं, सोपं आहे, ऐन-वाव-दाल ही तीन अक्षरं घ्या. अरबीत या मुळापासून परत येणं होतं. त्याच मुळापासून सवय होते. आणि त्याच मुळापासून आजाऱ्याला भेटायला जाणंही होतं. हिब्रूत त्याच हाडांचा ‘ओद’, म्हणजे अजून, पुन्हा. दोन्ही भाषा साधतात, आणखी काय पाहिजे? अप्पा बूट काढत होते. एक बूट हातात धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ते नको. ते मूळ सध्या घरात लागतंय.” एवढंच. मला वाटलं थकलेत. घाईसाहेबाला त्यांनी कळवलं की यानातल्या माणसांना परत जायचंच नाहीये, मग हा शब्द कशाला? घाईसाहेबाला ती कल्पनाच इतकी पसंत पडली की त्याने ती मुलाखतींमधून आपली म्हणून सांगितली. पुढे आई गेली. अप्पांनी भाषा पुरी केली, पण ते मूळ काही वापरायला काढलं नाही. शेकडो शब्दांमध्ये तेवढी एक जागा मोकळी राहिली. मी दहा वेळा तिच्यावरून गेले असेन आणि प्रत्येक वेळी तिला वळसा घातला, का ते कधी विचारलं नाही.

दादाच्या घरी पोचले तेव्हा वहिनी दारातच उभी होती. चेहऱ्यावर आनंद होता आणि आनंदाच्या खाली दुसरं काहीतरी, जे तिला लपवता येत नव्हतं. “मघापासून चाललंय,” ती हळू म्हणाली. “मध्येच कबर कबर म्हणतात का हो वन्सं? मला आपलं तसं ऐकू येतं.” मी म्हटलं, कबर नाही, कुब्रो, झोपायची पेटी, मालिकेतली. ती बरं म्हणाली, पण आत आली नाही. अप्पा उशांना टेकून बसलेले होते. खोलीत दुपारचं ऊन होतं, औषधांचा वास होता, खिडकीशी आईची जुनी वेताची खुर्ची होती. वाकडं झालेलं तोंड एका बाजूने हलत होतं आणि त्यातून, काय सांगू, इतकी स्वच्छ भाषा येत होती की मला आधी अभिमानच वाटला. माझ्या नटांना तीन वर्षांत जे जमलं नाही ते अर्ध्या तोंडाने हा माणूस करत होता. मी पलंगाशी बसले, हात हातात घेतला, त्यांच्याच भाषेत म्हटलं, अनू बिनोता. मी, मुलगी. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, ओळखीचं पाहिलं, फोनवर बोलत असताना खोलीत आलेल्या माणसाकडे आपण बघतो तसं. आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून बोलायला लागले. डॉक्टर संध्याकाळी आले, खूश झाले. म्हणाले, मेंदूत एकेक भाषा वेगळ्या कप्प्यात असते, मोठ्या वयात शिकलेली कधीकधी वाचते. बोलतायत हे महत्त्वाचं. दादा माझ्याकडे बघून हसला. कित्येक आठवड्यांत तो हसला नव्हता. “तू रोज ये,” तो म्हणाला, “तुझ्याशी बोलत बोलत येतील ते परत.” मला तेव्हा तेच वाटत होतं. मला ते परत हवे होते. वेडावाकडा का होईना, पण माझ्याशी बोलणारा, माझे उच्चार सुधारणारा, जेवताना हाडं काढणारा तो आवाज मला परत हवा होता.

म्हणून मी रोज जाऊ लागले. स्टुडिओतून दुपारी निघायचं, दोन बस बदलायच्या, खोलीत बसून ऐकायचं. आणि ऐकता ऐकता माझ्या कामाने माझा घात केला. आमच्या स्टुडिओत नट समोरासमोर उभे राहून बोलत नाहीत. प्रत्येक जण एकेकटा येतो, त्या बंद खोलीत आपापली वाक्यं बोलून जातो. समोरच्याच्या वाक्याला तेवढी जागा सोडायची. वर्षानुवर्षं मी हेच ऐकत आले: एक बाजू, मग शांतता, मग पुन्हा तीच बाजू. शांततेची लांबी ऐकून मला कळतं की समोरचा काय विचारणार आहे, प्रश्न आहे की धमकी, बाई आहे की पोर. कागद न बघता कळतं. यात चमत्कार काही नाही, सवय आहे. अप्पांचं बोलणं मी दोनतीन दिवस बडबड म्हणून ऐकलं, आणि मग एका दुपारी, पेरू कापता कापता, माझा हात थांबला. ती बडबड नव्हती. ती एक बाजू होती. ते म्हणत होते, नाही, निफोसा पुरतो. मग थांबायचे. मग, बेयातू बंद केलं आहे. पुन्हा थांबायचे. मग, बिनोता इथे बसली आहे, हो, आत्ताही. आणि या मधल्या जागा कुठेही कशाही पडत नव्हत्या. प्रश्न मावेल एवढ्याच होत्या. मी मान वर केली नाही. सुरी तशीच धरून मी त्या जागा ऐकत राहिले.

आणि तरी तेवढ्यावर भागलं असतं. आजारी माणूस कोणाशीही बोलतो, मी स्वतःला समजावलं. पण त्या जागांना एक ठेवण होती. आधी एक लांब जागा, त्यात वाक्य बसेल अशी. मग अप्पा उत्तर द्यायला तोंड उघडायचे, आणि न बोलता पुन्हा मिटायचे, कारण समोरून अजून काहीतरी आखूड यायचं होतं. दोन शब्दांएवढं. ते आखूड झालं की मगच ते मान डोलवायचे आणि बोलायचे. दर वेळी. लांब, मग आखूड, मग मान. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. वहिनी म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, पेरू हाताला चिकटला. दोन शब्द कोणते ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. लहानपणापासून मी आईच्या त्याच दोन शब्दांची नक्कल करत आले होते. त्यानंतर मी खिडकीशी ठेवलेल्या वेताच्या खुर्चीत कधी बसले नाही. कोणी बसायला लागलं तर काहीतरी कारण काढून त्याला उठवायचे. दादा एकदा वैतागून म्हणाला, “अगं, खुर्ची आहे ती, देव्हारा नाही.” उठला मात्र.

त्याच सुमारास घाईसाहेबाचा फोन आला. मालिका संपत आली होती आणि त्याला शेवट बदलायचा होता. यान फिरवायचं ठरलं होतं. सगळी माणसं मागे फिरतात, कप्तान पेट्यांपुढे उभा राहून एक शब्द उच्चारतो, पडदा काळा. “एकच शब्द, मॅडम,” तो म्हणाला, “परत येतो, बास. प्रेक्षक रडले पाहिजेत.” मी म्हटलं, तो शब्द या भाषेत नाही. “नाही म्हणजे करा की! सर करायचे, आता तुम्ही करा. सोमवारपर्यंत.” मी ऐन-वाव-दालच्या जवळसुद्धा गेले नाही. बसमध्ये बसून हवेतून एक शब्द काढला, छान गोल, कानाला बरा, हाडं नसलेला. कप्तानाने तो पाच-सहा वेळा म्हटला, कानावरचा हेडफोन काढला आणि म्हणाला, “घसाबाई, राग मानू नका, पण हा शब्द तोंडात ठरतच नाही. बोललो की गेला.” त्या माणसाला भाषेतलं ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, दुसरा देते, आणि बसस्टॉपवर येऊन रडले.

कारण तोवर मला कळून चुकलं होतं की समोरून काय विचारलं जात आहे. अप्पांचं बोलणं दिवसेंदिवस एकाच प्रश्नाभोवती फिरायला लागलं होतं. हवा, घर, मुलगी, ही उत्तरं झाली की एक लांब जागा यायची, मग आखूड, आणि मग अप्पा म्हणायचे, अनू. मी. आणि पुढे नाही. मी, आणि मग घसा आवळायचा. खोल, त्या जागी, जिथून ऐन निघतो. मला लहानपणी त्यांनी जिथे बोट लावून दाखवला होता बरोबर तिथून. पहिलं हाड यायचं आणि त्याला पुढचं हाड सापडायचं नाही, कारण ते कधी केलेलंच नव्हतं. झटक्याने त्यांच्यातला शब्द करणारा नेला होता आणि शब्द बोलणारा ठेवला होता. ते पुन्हा प्रयत्न करायचे. अनू, आणि घसा. चेहरा लालबुंद व्हायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि दिवसपाळीची नर्स धावत यायची, घास अडकला म्हणून नळी घालून घसा साफ करायची. त्यात काही निघायचं नाही. “काहीतरी अडकतंय,” ती दर वेळी म्हणायची. डॉक्टर आता खूश नव्हते. म्हणाले, असंच घुसमटत राहिले तर एक दिवस खरंच काहीतरी फुप्फुसात जाईल. दादा रात्रपाळीच्या माणसासारखा दिसायला लागला होता. “काय म्हणायचंय गं त्यांना?” त्याने मला विचारलं. “तुला तर येतं. सांग ना काय हवंय, आपण देऊ.” मी म्हटलं, कळत नाही. मला सगळं कळत होतं. तिकडून ती विचारत होती, कधी येताय? आणि या माणसाकडे उत्तर द्यायला शब्द नव्हता. जोपर्यंत शब्द नव्हता तोपर्यंत ते इथे होते. तो शब्द करू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि ते माणूस पलंगाशी बसून पेरूच्या फोडी करत होतं.

कोणी म्हणेल, हे सगळं तिच्या डोक्यातलं. असेलही. मी स्वतःला रोज तसंच म्हणत होते, बसमध्ये, अंघोळ करताना, कप्तानाचा घसा आवळताना. पण डोक्यातलं असो की खुर्चीतलं, घुसमट खरी होती, नळी खरी होती. आणि माझा हट्ट खरा होता. मला त्यांना सोडायचं नव्हतं. ते माझ्याशी बोलत नव्हते तरी मला ते हवे होते. निदान मुलगी इथे बसली आहे असं कोणाला तरी सांगत होते, तेवढ्यावर माझं भागत होतं. मी त्यांच्या तोंडाशी पाणी धरायचे आणि मनात म्हणायचे, थांबा अजून, थोडं थांबा. अजून म्हणजे ओद, त्याच मुळाचा. कुठूनही गेलं तरी त्याच दारात येऊन उभं राहायचं. एकदा तर मी खुर्चीकडे तोंड करून, आपल्या साध्या घरच्या भाषेत, बोललेसुद्धा. “काय घाई आहे गं तुला?” म्हटलं. “इतकी वर्षं काढलीस ना एकटीनं?” आणि मग जी शांतता आली ती लांब होती. मी कान टवकारून बसले. मग ती आखूड आली. मी मान डोलवली नाही. उठून खिडकी उघडली आणि रस्त्यावरची वाहनं मोठ्याने आत येऊ दिली.

तो शब्द मी शेवटी कसा केला ते नीट सांगता येणार नाही. दुपार होती. नर्स नळी धुवायला गेली होती, दादा औषधं आणायला. अप्पांनी नुकतंच अनू म्हटलं होतं आणि घसा आवळला होता, आणि या वेळी त्यांनी खिडकीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्या नजरेत आजार नव्हता. ते वर्गातलं बघणं होतं. उत्तर येत असून जो विद्यार्थी हात वर करत नाही त्याच्याकडे ते असंच बघायचे, रागाने नाही, नुसतं थांबून. मला त्यांची कीव आली, आणि माझी लाज वाटली, आणि फार, फार एकटं वाटलं. मी तीन हाडं मनात मांडली. स्वर शोधायला गेले नाही, ते तिथेच होते. मी खाली वाकले आणि त्यांच्या कानात तो शब्द म्हटला. तो मी इथे लिहिणार नाही. अप्पांनी तो जिभेवर घोळवला, पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा बरोबर आला. त्यांचं अर्धं तोंड हसलं. शाबासकी देताना हसायचे तसं. मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली आणि न अडखळता म्हणाले, अनू, आणि तो शब्द. येतो. मग लांब जागा आली. मग आखूड. त्यांनी मान डोलवली. माझ्या हातातला हात किती वेळ गरम होता ते मला माहीत नाही. दादा औषधांची पिशवी घेऊन दारात आला आणि म्हणाला, “आज शांत झोपलेत की!” मी म्हटलं, हो.

पुढचं सगळं जसं असतं तसं झालं. माणसं आली, गेली, चहा झाले. नर्स जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, शेवटी अडकलेलं निघालं असणार, चेहरा किती मोकळा होता. वहिनीने खोली पुसून काढली, पलंगाच्या गाद्या उन्हात घातल्या, आणि खुर्ची हलवायला गेली तेव्हा आपण होऊनच थांबली. “राहू दे का इथे?” तिने विचारलं. मी म्हटलं, राहू दे. आठवड्याने मी उरलेलं आवरायला एकटीच गेले. अप्पांचे चष्मे होते, बूट होते, शर्ट होते. दादा कामावर, वहिनी बाजारात. खोलीत तेच दुपारचं ऊन होतं. आवरून झालं, पिशवी उचलली, दार ओढून घेतलं आणि सवयीने येते म्हणायला तोंड उघडलं, तर तोंडातून आला तो शब्द. माझा. मी केलेला. घसा व्यवस्थित आवळून, अगदी बिनचूक. मी दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहिले. मला पळावंसं वाटत होतं. आतून एक लांब जागा आली. मग आखूड आली, दोन शब्दांची. मी हलणार, तेवढ्यात तिसरी आली. नवी होती. माझ्या घशाच्या कामात मी अशी जागा हजारदा ऐकली आहे. माणूस बोलण्याआधी घसा खाकरतो तेवढी. अप्पा वर्गात शिरताना खाकरायचे. माझ्या अंगाला कापरं भरलं, आणि त्या कापऱ्यातच मला इतकं बरं वाटलं की मी दाराला डोकं टेकलं. दोघं आहेत, मी म्हटलं. बरी आहेत.

तेव्हाच पिशवीत फोन वाजला. घाईसाहेब. आधी सरांबद्दल दोन वाक्यं बोलला, ती मनापासूनच बोलला असावा, आणि मग म्हणाला, “मॅडम, वेळ योग्य नाही मला कळतंय, पण कप्तान उद्या शेवटचा येतोय. तो शब्द झाला का?”

“झालाय,” मी म्हटलं. माझा आवाज मला आश्चर्य वाटावं इतका शांत होता.

“वा! सांगा, लिहून घेतो.”

मी बंद दाराकडे पाहिलं. मला रोज यायचं होतं. दोन बस बदलून, दुपारी.

“देता येणार नाही,” मी म्हटलं. “ते मूळ सध्या घरात लागतंय.”